वाफ्यातला पहिला हात

आमच्या घरात देवाच्या आधी आत्याची तंबाखूची चंची जागी होत असे. आई देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची, त्याच्याही आधी ओट्यावरून टप टप असा आवाज यायचा. डाव्या तळव्यावर तंबाखू आणि चुना अंगठ्याने मळून झाला की आत्या त्यावर दोन थापा मारायची, वर आलेली धूळ फुंकायची आणि चिमूट खालच्या ओठात सरकवायची. तो आवाज ऐकला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. मग विहिरीवरची मोटर सुरू व्हायची, मग जालन्याकडून येणारी पॅसेंजर करमाड स्टेशनात शिरताना शिट्टी द्यायची, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "निर्मे, ऊठ, गाडी आली." गाडी रोज वेगळ्या वेळेला येत असे, पण मी उठायची वेळ म्हणजे गाडी येण्याची वेळ, असा आईचा सरळ हिशेब होता. आता मी शहरात फ्लॅटमध्ये राहते. सकाळी खाली कुणाचा तरी गाडी मागे घेताना वाजणारा भोंगा मला उठवतो. त्याला काही चव नाही.

आमचा धंदा रोपांचा. करमाडच्या शिवारात, रेल्वेच्या रुळाला लागून आमचं चार एकर रान होतं आणि त्यातलं निम्मं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रोपांसाठी ठेवलं होतं. टोमॅटो, मिरची, वांगी. हल्ली जशी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, हिरव्या जाळीखाली रोपं करतात तसं तेव्हा नव्हतं. जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफे करायचे, शेणखत कालवायचं, बोटाने रेघा ओढून बी टाकायचं, वर राख भुरभुरायची आणि झारीने पाणी द्यायचं. बी उगवून जरा दाटी झाली की ते उपटून दुसऱ्या वाफ्यात विरळ लावायचं, आणि पुढे वीस-पंचवीस दिवसांनी रोपं काढून अंबाडीच्या सुतळीने जुड्या बांधायच्या. म्हणजे एका रोपाला शेतकऱ्याच्या शेतात जाईपर्यंत तीन-चार वेळा माणसाचा हात लागायचा. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचंच सगळं रामायण आहे.

टोमॅटोच्या रोपाला हात लावला की बोटांना हिरवट-काळा डाग पडतो आणि एक उग्र वास येतो. मला तो वास फार आवडायचा. दुपारी वाफ्यांच्या कडेला लिंबाखाली आम्ही जेवायला बसायचो. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, आणि आईचा ठेचा, जो अण्णा सोडून कुणालाच पेलायचा नाही आणि अण्णांनाही पेलायचा नाही, पण ते कबूल करत नसत. हात कितीही धुतले तरी भाकरीला रोपाचा वास लागायचा. आई म्हणायची, "या घरात भाकरी पण हिरवी लागते." अकरावीत जाईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी लागत असेल.

आता आत्याविषयी. कलावती तिचं नाव, पण अण्णा तिला आक्का म्हणत, म्हणून साऱ्या पंचक्रोशीची ती आक्का. मी एकटीच तिला आत्या म्हणणारी. लग्न होऊन नांदायला गेली आणि दोन वर्षांत परत आली. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली, एवढंच मला ठाऊक. कुणाची ओटी भरायची असली, कुणाचं बारसं असलं की तिला मागे बसवत. ती स्वतःच मागे बसायची, कुणी सांगायच्या आत. पण रोपांच्या बाबतीत मात्र उलटं होतं. ती माहेरी परत आली त्या वर्षी सगळ्यांची रोपं कोलमडली आणि तिने लावलेला एकच वाफा तरला, तेव्हापासून तिच्या हाताला गुण आहे असं ठरलं. प्रत्येक वाफ्यात पहिली ओळ आत्याने लावायची, मग बाकीच्या बायांनी हात घालायचा. याला आमच्याकडे 'पहिला हात' म्हणत. पुढे शेतकरीही आग्रह धरू लागले. रोपं नेली की लावणीच्या दिवशी बैलगाडी पाठवायचे, आत्या जाऊन पहिली सरी लावायची, जेवायची, आणि खणानारळ घेऊन परत यायची. बारशाला मागे बसणारी बाई त्या दिवशी गाडीत पुढे बसायची. गाडीतून उतरताना तिचा चेहरा मी पाहिलेला आहे, त्यामुळे या गोष्टीची किंमत मला कुणी सांगायची गरज नाही.

पहिला हात लावण्याचीही तिची एक रीत होती. वाफ्याच्या कडेला उकिडवं बसायचं, चंची सोडायची, तंबाखू मळायची, दोन थापा, एक फुंकर, चिमूट ओठात. मग हात जोडायचे, काळ्या आईला, आणि त्याच हाताने पहिलं रोप घालायचं. चिमूट घेतल्याशिवाय तिने कधी रोपाला हात लावला नाही. ती म्हणायची, "इंजिनाला कोळसा नको का?"

त्या वर्षी पोळा झाला आणि आठवड्याभरात फुलंब्रीकडचे नामदेवनाना आले. नाना आमचे जुने गिऱ्हाईक. धोतराच्या सोग्यात गुंडाळून त्यांनी टोमॅटोचं एक अख्खं झाड मुळासकट उपटून आणलं होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं, जसं कुणी तक्रारीचं कागदपत्र ठेवावं. पानांवर गडद हिरवे आणि फिके पिवळट डाग, जणू पानावर कुणी पाणी शिंपडून रंग उडवलाय. शेंड्याची पानं तर इतकी बारीक झाली होती की टोमॅटोची वाटतच नव्हती, गाजराच्या पाल्यासारखी दिसत होती.

"निम्मं रान असं झालंय, अण्णा," नाना म्हणाले. "अन् नवल बघा, मुहूर्ताची सरी, आक्कांच्या हातची, तीच आधी गेली. तिथून मंग बाकीच्यात शिरलं."

अण्णा झाड उलटंसुलटं करत म्हणाले, "बोकड्या दिसतोय. पांढरी माशी असंल, तीच पानं वळवती."

"माशी हाय कुठं? मी पानं उलटी करकरून बघितली." नानांनी आवाज खाली आणला आणि ते जमिनीकडे बघू लागले. "मी काय म्हणतो, एवढा गुणाचा हात लागूनबी ती सरी जाती, म्हंजी इटाळ किती कडक असंल बघा. तुमच्या वाफ्यात कोणी शिरलं-बिरलं का, जरा चौकशी करा. घरात पोर वयात आलीया."

नानांचा तर्क असा होता. ज्या ओळीला आत्याचा हात लागला तीच आधी आजारी पडली, म्हणून दोष दुसऱ्या कुणाचा. आज हसू येतं, पण त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या एकालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही. अण्णांनी पांढऱ्या माशीसाठी औषध आणून सगळे वाफे दोनदा फवारले, आणि तरीही आणखी दोन गावांहून तशीच झाडं आली. आमच्याच वाफ्यांत ओळीच्या ओळी डागाळल्या. मग एका दुपारी भाकरी थापता थापता आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "निर्मे, या हंगामात तू वाफ्यात पाय घालू नको. त्या चार दिवसांतच नाही, कधीच नको. लोक बोलायलेत." अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि रिकामा आहे हे दिसलं तरी तोंडाला लावला.

एकटी आत्या बोलली. "पोरीच्या हातानं काय जळत नसतं. माझा हात हाय ना वर?" पण आईने वाफ्यांभोवती सुतळी बांधलीच. आणि खरं सांगायचं तर मला ती बांधलेली बरोबरच वाटली. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. उन्हाळ्याच्या शेवटी एका दुपारी आई आणि आत्या बाजाराला गेलेल्या, रोपं माना टाकायला लागलेली, आणि माझा अडचणीचा दुसरा दिवस. मी झारी घेऊन वाफ्यात शिरले होते आणि सगळ्या रोपांना पाणी दिलं होतं. पडलेली रोपं हाताने उभी केली होती. कुणाला सांगितलं नाही. सुतळीच्या बाहेर उभी राहून मी वाफ्यांकडे बघायची आणि मनात म्हणायची, हे सगळं मी केलं. नानांचं रान मी खाल्लं. जेवताना भाकरीला रोपाचा वास येईनासा झाला होता, कारण माझे हात आता स्वच्छ होते.

मी तेव्हा शहरात छावणीतल्या कॉलेजात अकरावी सायन्सला जात होते. करमाडहून एसटी, मग बस स्टँडवरून चालत. तिथे जीवशास्त्राला रझिया मॅडम होत्या. उंच, बारीक, पांढरा दुपट्टा, बोलायला मराठी सुरू करायच्या आणि वाक्य संपेपर्यंत दखनीत पोहोचायच्या. प्रॅक्टिकलला पानाचे छेद घ्यायचे होते. मी घरून एक डागाळलेलं पान ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घालून नेलं. का नेलं ते आता सांगता येत नाही. बहुतेक मला कुणाजवळ तरी गुन्हा कबूल करायचा होता.

मॅडमनी पान उजेडात धरलं. "हे कुठलं?"

"आमच्या वाफ्यातलं, मॅडम. बोकड्या पडलाय."

"बोकड्या नै ये. पान वळलंय का? नाही. डाग बघ. ये मक्खी की बीमारी नै, हाथ की बीमारी है." हाताचा आजार म्हटल्यावर मला वाटलं, यांना कळलं. मी टेबलाचा काठ धरला. मॅडमनी पान खाली ठेवलं आणि विचारलं, "घर में कौन तंबाखू खाता?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं. हा विषाणू मूळचा तंबाखूच्या झाडाचा. जिवंत म्हणावा तर जिवंत नाही, मेलेला म्हणावा तर मेलेला नाही. प्रत्येक पुडीत तो असतोच असं नाही; पण आजारी तंबाखूचं पान वाळवा, कुटा, पुडीत बांधा, तो आत वर्षानुवर्षं पडून राहतो. तंबाखू मळलेला हात कोवळ्या रोपाला लागला, पानावरची बारीकशी लव जरी मोडली, तरी तेवढ्या भोकातून आत शिरतो. मग त्या रोपाचा हात दुसऱ्या रोपाला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. त्याला ना माशी लागते ना वारा, माणसाचे कामसू हातच त्याला पुरतात. "और इलाज?" असं स्वतःच विचारून मॅडम हसल्या. "दूध. रोपाला हात लावायच्या आधी साबणाने धुवायचे आणि दुधात बुडवायचे. दूध त्याला गुंडाळून टाकतं. आजारी झाड मात्र बरं होत नाही, ते उपटायचंच."

त्या दिवशी एसटीत मला बसायला जागा मिळूनही मी उभीच होते. माझ्या हाताने झालं नसेल, या एका विचाराने इतकं हलकं वाटत होतं की बसवेना. आणि चिकलठाणा मागे पडेपर्यंत दुसरा विचार येऊन पोहोचला. मी सुटले तर कोण अडकतं? ओट्यावरची ती टप टप माझ्या कानात वाजायला लागली.

शिकलेल्या माणसाचा एक फायदा असतो. कठीण गोष्ट बोलायची नसेल तर तो म्हणतो, आधी प्रयोग करू. मी गोठ्यामागच्या हौदापाशी तेलाचे दहा रिकामे डबे मांडले, त्यांत माती भरली आणि स्वतः बी टाकलं. वाफ्यात जायची बंदी होती, डब्यांना बंदी नव्हती. रोपं चार-पाच पानांवर आली तेव्हा आत्याच्या चंचीतून चिमूटभर तंबाखू चोरली, पाण्यात भिजवली आणि डावीकडच्या पाच डब्यांतल्या पानांना हलकेच चोळली. मग हात साबणाने घासले, वाटीभर दुधात बुडवले आणि उजवीकडच्या पाच रोपांच्या पानांना तसेच चोळले. आईने वाटी बघून विचारलं तर म्हणाले, मांजरीला. आमच्याकडे मांजर नव्हती. आईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि जाऊ दिलं. पुढचे दिवस मी कॉलेजातून आले की आधी हौदापाशी जायची. मनातून मला काय हवं होतं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. डावीकडची आजारी पडावीत असंही वाटायचं आणि पडू नयेत असंही.

दहाव्या-बाराव्या दिवशी डावीकडच्या रोपांवर डाग दिसले. मॅडमचं खरं ठरलं. आणि त्यानंतर आठवडाभराने उजवीकडच्या पाचही रोपांवर तेच डाग दिसले. दुधाच्या हाताने चोळलेली, तंबाखूचा कणही न लागलेली माझी रोपं. मी तिथेच हौदाच्या कडेवर बसले. म्हणजे तंबाखू नाही, दूध नाही, मॅडमचं पुस्तक नाही. दहाही रोपांना एकच गोष्ट सारखी लागली होती, माझा हात. नाना बरोबर होते, आई बरोबर होती, आणि मी जन्मभर कुठल्याही झाडाला हात लावायच्या लायकीची नव्हते. मी आवाज न करता रडत होते, पण आत्याला कसं कळलं कोण जाणे, ती वैरणीचा भारा टाकून माझ्यापाशी आली.

"काय झालं गं?"

"रोपं गेली, आत्या. दोन्ही ओळी गेल्या."

"अशी कशी जातील?" ती डब्यांपुढे उकिडवी बसली. "मी रोज सकाळी हात फिरवती की त्यांच्यावरून. तुला वाफ्यात येऊ देईनात, म्हणलं पोरीची रोपं तरी जोमानं येऊ देत." आणि बोलता बोलता तिने उजवीकडच्या पहिल्या रोपाच्या शेंड्यावरून अंगठा फिरवला, जसा लहान मुलाच्या कपाळावरून फिरवतात. त्याच अंगठ्याच्या नखात तंबाखूची तपकिरी रेघ होती.

एका वाक्यात मी सुटले आणि ती अडकली, आणि तिला याचा पत्ताच नव्हता. मी तिच्या गळ्यात पडून आणखीच रडले. ती आपली माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "येडे, रोपं काय, पुन्यांदा येतील."

चार दिवस मी गप्प बसले. मला कसली घाई होती? मला माझं उत्तर मिळालं होतं. सुतळीच्या बाहेर राहूनही आता मला सुखाने जेवण जात होतं. पण दसऱ्यानंतर हिवाळी टोमॅटोचे वाफे तयार झाले. अण्णांनी आजारी वाफे मोडून शेजारच्या कोऱ्या तुकड्यात नवे केले होते, झटून केले होते, आणि नानांना शब्द दिला होता की या खेपेची रोपं पहिल्यांदा त्यांना. ज्या दिवशी विरळणी होती त्या सकाळी मला ओट्यावरून टप टप ऐकू आली नाही. म्हणजे आत्या चंची घेऊन सरळ वाफ्यांकडे गेली होती. मी उठले, स्वयंपाकघरातून सकाळच्या धारेच्या दुधाची कासंडी उचलली आणि पळत सुटले.

अजून बाया आल्या नव्हत्या. आत्या नव्या वाफ्याच्या कडेला बसून चंचीची दोरी सोडत होती. नव्या वाफ्यांभोवतीही आईने सुतळी बांधली होती, मी बाहेरच थांबले.

"आत्या, थांब. मळू नको."

"का गं?"

मग मी सगळं सांगितलं. पान, मॅडम, वाळक्या तंबाखूत झोपलेला तो विषाणू, दहा डबे, चोरलेली चिमूट, मांजरीचं दूध. नानांची मुहूर्ताची सरीच आधी का गेली, तेही सांगितलं. हे शेवटचं सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही, दुधाकडे बघत होते. मी थांबल्यावर बराच वेळ रुळांवरून एक मालगाडी जात राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, तुझी मॅडम खुळी आहे. किंवा म्हणेल, या घरात माझं एवढंच होतं, तेही घेतलंस. तिला दोन्ही म्हणायचा हक्क होता.

तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाली, "म्हंजी तुझ्या हातानं नव्हतं झालं."

"नाही."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "लई बरं झालं. मला तेवढंच खात होतं. तुझ्या आईनं सुतळी बांधली त्या दिसापासून."

मी आज सत्तरीला आले. माझ्या बाजूने कोण कोण उभं राहिलं याची यादी केली तर ती लांब आहे, देवाने काही कमी केलं नाही. पण स्वतःचं सगळं जात असताना आधी माझं सुटलं म्हणून सुखावलेलं माणूस मी एकच पाहिलं, आणि तेही त्या वाफ्याच्या कडेला, हातात अर्धी सोडलेली चंची घेऊन बसलेलं.

तिने चंची पुन्हा बांधली आणि रानाच्या फाटकाच्या खांबाला एक खिळा होता त्याला नेऊन अडकवली. हौदावर जाऊन राखेने आणि साबणाने कोपरापर्यंत हात घासले. परत आली आणि सुतळी वर उचलून धरली.

"ये आत."

"आत्या, आज नको." मी अडखळले. "आज माझा दुसरा दिवस आहे."

"दुसरा तर दुसरा. दूध हाय ना? बुडव हात. पहिला हात आज तुझा."

मी हात धुतले, कासंडीत बुडवले. धारेचं दूध अजून कोमट होतं. दुधाचे थेंब गळत असलेल्या हाताने मी पहिलं रोप मातीत घातलं, आणि दुसरं, आणि तिसरं. आत्या पलीकडे बसून रोपं देत होती, तिचेही हात दुधाचे. बाया आल्या तेव्हा पहिली ओळ होत आली होती. अण्णा आले, आई आली. आईची नजर आधी माझ्यावर गेली आणि मग रिकाम्या होत आलेल्या कासंडीवर.

"सकाळची सगळी धार हातांना?" ती म्हणाली. वाफ्यात मी कशी, हे विचारायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, किंवा तिने राहू दिलं नाही.

आत्या उठून उभी राहिली. "पहिला हात निर्मीनं लावलाय. आजपासून तंबाखू खिळ्याला, हात दुधात, मंग वाफ्यात. ज्याला जमत नसंल त्यानं बांधावर बसून गाणी म्हणावीत. अन् कोणाला काय बोलायचं असंल तर मला बोला, पोरीला नाय." सगळ्यांत जास्त तंबाखू खाणारी बाईच हे सांगतेय म्हटल्यावर कुणी काय बोलणार? अण्णांनी मुकाट्याने बंडीच्या खिशातली आपली पुडी काढली आणि खिळ्याला चंचीशेजारी खोचली. अण्णा तंबाखू खातात हे आईला त्या दिवशी कळलं. तो तंटा पुढे बरेच दिवस चालला.

त्या वाफ्यात एकही पान डागाळलं नाही. पंचवीस दिवसांनी नानांची गाडी आली, नेहमीप्रमाणे रोपांना आणि आत्याला न्यायला. आत्याने मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे जुड्यांपाशी बसली. नानांच्या बांधावर पोहोचल्यावर तिने खाली उतरायच्या आधीच सांगून टाकलं, "नाना, मागची तुमची सरी माझ्या हातानं गेली. तंबाखूच्या हातानं. इटाळ नव्हता, काय नव्हतं. तुम्ही पोरीचं नाव घेतलं, ते परत घ्या."

नानांनी पुढे होऊन बैलांची वेसण धरली. गावातली चार माणसं उभी होती. मग त्यांनी विचारलं, "मंग आज पहिला हात कोणाचा?"

आत्याने माझ्याकडे बोट केलं.

नाना रानातल्या घरात गेले आणि पितळी तांब्याभर दूध घेऊन आले. ते माझ्या हातात देतील असं मला वाटलं. पण त्यांनी तसं केलं नाही. ते सरीच्या तोंडाशी वाकून उभे राहिले, म्हणाले, "धर लेकी," आणि माझ्या ओंजळीवर स्वतःच्या हाताने दूध ओतलं.

आत्या पुढे खूप जगली. लोकांना वाटतं तिने तंबाखू सोडली असेल. तिने काही सोडली नाही, फक्त जागा बदलली. आता रोपांचा धंदा माझा मुलगा बघतो. जाळीखाली ट्रेच्या ओळी, दाराशी साबणाचं पाणी, आणि दाराबाहेर खिळ्यांची एक रांग, जिथे कामाला येणाऱ्या बाया आपापल्या पुड्या अडकवून आत जातात. ते खिळे पाहिले की मला नानांच्या रानातली ती सकाळ आठवते. मी पहिली सरी लावत चालले आहे, बोटांना रोपाचा हिरवा-काळा डाग पडला आहे, आणि आत्या पार पलीकडच्या बांधावर, रोपांपासून चांगली शंभर पावलं लांब, माझ्याकडे बघत बसली आहे. तळव्यावर दोन थापा मारल्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला.